एकच गाव

कचेरीसमोर, बदामाच्या झाडाखाली माझं टेबल.
तीन भाषांत अर्ज टाइप करतो,
बोलतो मात्र चौथीत, मराठी-कानडी कालवलेल्या,
बेळगावात सगळेच बोलतात तशा.
एकतीस वर्षं दुसऱ्यांची नावं दुरुस्त करत आलो.
हणमंत, हनुमंत, हणमंतप्पा
हे तिघेही मीच,
असं लोकांकडून शपथेवर वदवत आलो.

मग वैजूचा अर्ज अडकला.
पासपोर्टावर जन्मगाव बेळगाम,
दाखल्यावर बेळगावी,
आणि माझ्या तोंडात बेळगाव.
लिमरिकहून कुणा बाईंनी विचारलं,
ही दोन वेगळी गावं आहेत काय?
बाई, हा प्रश्न इथं कुणाला विचारू नका.
विचाराल तर दोन दिवस बस बंद राहील.

त्या रात्री पहिल्यांदाच घरचं प्रतिज्ञापत्र टाइप केलं.
"वरील सर्व नावे एकाच गावाची असून"
इथवर आलो आणि बोट थांबलं.
विशीत असताना एका पाटीला डांबर फासलं होतं मी,
एक रात्र चौकीत बसलो होतो, उपाशी, खुशीत.
तो पोरगा हे वाचून थुंकला असता.
त्याला म्हटलं, जरा बाजूला सर.
फीची तारीख जवळ आलीय.
कुलगोड वकिलांनी शिक्का मारला, पैसे घेतले नाहीत.
"निम्म मगळु नम्म मगळु री,"
तुमची लेक ती आमचीच,
एवढं म्हणून पुढची फाइल ओढली.

आता तिचे नियम मला तोंडपाठ.
कॉलेज चालू असताना आठवड्याला वीस तास काम,
वर एक मिनिट नाही.
वर्ग चुकवायचा नाही, ताप आला तर डॉक्टरची चिठ्ठी.
खोली बदलली तर कळवायचं.
कार्ड संपायच्या आधी नवं मागायचं,
संपल्यावर मागणारा उपरा ठरतो.
आणि मी?
चंदगडच्या वाटेवर शिनोळीला पाटी येते राज्याची,
अजून तिच्याकडे बघत नाही, खिडकीतून दुसरीकडे बघतो.
देवरवाडीच्या वैजनाथाला नवस बोललो
तेव्हा देव कुठल्या राज्यात बसलाय, विचारलं नव्हतं.
त्याच्याच नावाची ही पोर.
तिची सीमा म्हणजे एक तारीख, चौदा मार्च.
दिनदर्शिकेत सिलिंडरच्या नोंदीशेजारी
तिच्या आईनं कुंकवानं गोल केलाय.

नोव्हेंबरात हॉटेलवाला तिला म्हणाला,
गर्दी आहे, थांब रात्री, रोख देतो,
वहीत लिहायचं नाही.
भाडं थकलं होतं तिचं.
हे तिनं नाही सांगितलं, खोलीतल्या गोकाकच्या पोरीनं सांगितलं.
मी रागाची वाक्यं जुळवून ठेवली,
कलमं, परिणाम, खाली सही.
फोन लागला.
"नाही म्हटलं मी, अप्पा.
बाकीची राहिली. मला आपलं वाटलं,
तुम्ही तो कागद करताना किती वेळ गप्प बसला होता."

म्हणजे जागी होती ती.

शाब्बास म्हणायचं होतं.
"जेवलीस काय?" म्हणालो.
"होय की," म्हणाली, म्हणजे नव्हती.
दुसऱ्या दिवशी हिच्या पाटल्या शहापुरात ठेवून
भाड्याचे पैसे पाठवले.
पावती तिच्या फाइलमध्ये लावलीय,
कोण कधी काय विचारेल, सांगता येत नाही.

काल रविवार. रात्री तिचाच फोन.
हॉटेल लवकर बंद झालं, अठराच तास भरले.
म्हटलं, मग दोन पुढच्या आठवड्यात घे की.
हसली. "तसं चालत नाही, अप्पा, ते इथंच संपतात.
बोला तुम्ही."
मला काही सुचेना.
गल्लीतली कुत्री भुंकत होती.
फोन खिडकीबाहेर धरला,
म्हटलं, ऐक.